बर्फाशिवायचं कर्लिंग: नागपुरात जिल्हा संघटना चालवताना

दर चार वर्षांनी हिवाळी ऑलिम्पिक आलं की आठ-दहा दिवस माझा फोन वाजत राहतो. “काकू, तो झाडू मारायचा खेळ तुमच्याकडे शिकवतात म्हणे?” शिकवतो. पण त्यात झाडूही नाही आणि बर्फही नाही. विचारणाऱ्यांपैकी काही जण खरंच येतात, चार दगड सरकवून पाहतात, रंगतात आणि महिनाभरात आपल्या सोसायटीत, शाळेत नाहीतर कॉलेजात क्लब काढायचं ठरवतात. तिथपर्यंत सगळं आपोआप होतं. संघटना लागते ती पुढच्या वर्षी. तोवर पीटीच्या सरांची बदली झालेली असते, दगड कुठल्यातरी कपाटात असतात आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

मी नागपुरात जिल्हा पातळीवर फ्लोअर कर्लिंगचं काम बघते. त्याआधी अठ्ठावीस वर्षं बँकेत होते, त्यामुळे खेळापेक्षा रजिस्टरं मला जास्त कळतात, हे आधीच सांगून टाकते. खालचं सगळं क्लबचं ते दुसरं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

खेळ आधी स्वतः समजून घ्या

मूळ कर्लिंग बर्फावरचं. पट्टी ४५.७२ मीटर लांब, दोन्ही टोकांना ३.६६ मीटर व्यासाची वर्तुळं. या वर्तुळांना ‘घर’ म्हणतात. दगड ग्रॅनाइटचा, वजन १७.२४ ते १९.९६ किलो, ऑलिम्पिकच्या दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग बेटावरचा. संघात चौघे, प्रत्येकाचे दोन दगड. दोन्ही संघांचे सोळा दगड टाकून झाले की एक ‘एंड’ संपतो. घराच्या मध्याला ज्याचा दगड सगळ्यांत जवळ, गुण त्याच संघाला. आणि समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत आपले जितके दगड, तितके गुण. गल्लीत गोट्या खेळलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं. शेवटचा दगड टाकायच्या हक्काला ‘हॅमर’ म्हणतात, आणि ज्याने गुण घेतले त्याला पुढच्या एंडला तो हक्क सोडावा लागतो. खेळाची सगळी गंमत इथे आहे. कधी एकच गुण मिळत असेल तर तो न घेता एंड कोरा सोडतात, म्हणजे हॅमर आपल्याकडेच राहतो.

आपण खेळतो ते फ्लोअर कर्लिंग. दगड हलके, तळाला बॉल बेअरिंग, लाकडी किंवा गुळगुळीत फरशीवर चालणारे. बर्फावर सरकत्या दगडापुढे ब्रशने घासतात, तसं इथे घासायचं काही नसतं. बर्फावरचा दगड गोल फिरत हळूच वळतो, तसा फरशीवर फारसा वळत नाही. हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका. कोन, जोर, पहारा ठेवणं (वाटेत आपला दगड आडवा ठेवणं), उडवणं (समोरच्याचा दगड धडक देऊन बाहेर काढणं), हॅमर सांभाळणं हे सगळं मात्र तेच.

“मग हे खरं कर्लिंग कसं?” असं विचारणारा दर कार्यक्रमात एक तरी असतो. त्याला मी १८४२ सालची गोष्ट सांगते. राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडला गेली, तेव्हा बर्फ नव्हता. स्कोन पॅलेसमधल्या नाचघराच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर तिला हा खेळ दाखवला गेला आणि तिने स्वतः दगड सरकवून पाहिला. तिथल्या मध्यवर्ती क्लबला पुढच्याच वर्षी ‘रॉयल’ हे बिरुद मिळालं. तो मध्यवर्ती क्लब १८३८ मध्ये एडिंबरामध्ये स्थापन झाला होता, कारण गावोगावचे क्लब आपापल्या नियमांनी खेळत आणि एकमेकांशी खेळायची वेळ आली की घोळ होई. सगळ्यांचे नियम एक करायचे, हे संघटनेचं पहिलं काम. आपलंही तेच आहे.

पायरी पहिली: फरशी शोधा, मगच माणसं

उलट क्रमाने केलं की फसतं. आम्ही पहिल्या वर्षी आधी सभासद गोळा केले आणि मग जागा शोधत मंगल कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या.

लाकडी जमिनीचा बॅडमिंटन हॉल सगळ्यांत उत्तम. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात २०१७ साली राष्ट्रीय बॅडमिंटनचे सामने झाले, साईना आणि सिंधू अंतिम फेरीत समोरासमोर आल्या, तसल्या हॉलमध्ये रोज सराव करायला मिळावा ही आशा सोडा. वर्षातून एक-दोन दिवसांसाठी अर्ज करा. रोजच्यासाठी शाळेचा हॉल, कॉलेजचा जिमखाना, सोसायटीचं सभागृह. बॅडमिंटनचं मैदान १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असतं. त्यात आम्ही शेजारी-शेजारी दोन पट्ट्या आखतो, घर सहा फूट व्यासाचं. दगड सोडायची रेषा आणि घर यांच्यामध्ये निदान आठ मीटर मोकळे हवेत, नाहीतर जोराचा अंदाज हा भागच खेळातून निघून जातो.

टाइल्सची फरशी चालते, पण सांधे तपासा. तपासायची सोपी रीत: एक दगड एकाच जोराने पाच वेळा सोडा. पाचही वेळा हातभराच्या आत थांबला तर जागा घ्या. दर वेळी एकाच ठिकाणी नाक वळवत असेल तर तिथे फरशी खचली आहे. कोटा आणि शहाबादी विसरा.

आणि कूलर. नागपुरात एप्रिलपासून हॉलमध्ये दोन-चार मोठे कूलर लागणारच, त्याला इलाज नाही. पण कूलरचं तोंड पट्टीकडे असेल तर बारीक तुषार फरशीवर बसतात, दगड घसरतात आणि बेअरिंगला गंज धरतो. एका मे महिन्यात आमचा एक अख्खा संच असा वाया गेला. आता कूलर प्रेक्षकांच्या मागे आणि पट्टी कोरड्या फडक्याने दर दोन सामन्यांनी पुसायची, हे नियमावलीतच घातलं आहे.

पायरी दुसरी: चार क्लब होईपर्यंत नोंदणीला हात लावू नका

लेटरहेड, शिक्का, अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष आणि क्लब एकही नाही, अशा जिल्हा संघटना आपल्याकडे पायलीला पन्नास. आधी चार क्लब उभे करा. ते एकसारखे नसलेले बरे. आमच्या अनुभवात एक शाळा, एक कॉलेज, एक सोसायटी आणि एक ज्येष्ठ नागरिक मंडळ, एवढ्यावर वर्षभराचं चक्र फिरतं, कारण शाळेच्या परीक्षा असतात तेव्हा ज्येष्ठ मोकळे असतात आणि ज्येष्ठ मुलांकडे पुण्याला जातात तेव्हा कॉलेज सुरू होतं.

ज्येष्ठ मंडळांकडे विशेष लक्ष द्या. त्रिमूर्तीनगरच्या एका मंडळात मी पहिल्यांदा दगड घेऊन गेले, तेव्हा एक काकाजी म्हणाले, “हे पोट्ट्यांचं काम हाय जी, आमचे गुडघे कुठचे वाकते!” काठीने दगड ढकलता येतो, वाकावं लागत नाही, हे दाखवल्यावर त्यांनीच सामना संपू दिला नाही. आज सगळ्यांत नियमित क्लब तोच आहे.

नागपूर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. चारही क्लब धरमपेठ ते मनीषनगरच्या पट्ट्यात असतील तर तुमची संघटना जिल्ह्याची नाही, दक्षिण-पश्चिम नागपूरची आहे. निदान एक क्लब काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर असा बाहेरचा हवा. दगडांचा एक संच दोन पिशव्यांत मावतो, एसटीने जातो.

पायरी तिसरी: नोंदणी आणि घटना

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. दोन्हीचं काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. मग पॅन, मग बँक खातं, मग लागेल तेव्हा आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. कागद कोणते लागतात ते सीए किंवा वकील सांगेल. त्याला जे सांगता येत नाही ते असं की घटना तुम्ही स्वतः लिहा. दुसऱ्या खेळाच्या संघटनेची घटना आणून नाव बदलून खपवली की भांडण झाल्यावर कळतं, त्यात काय नाही ते.

आमच्या घटनेत पाच गोष्टी आहेत ज्यांनी आम्हाला वाचवलं.

मत क्लबला, व्यक्तीला नाही. एक क्लब, एक मत, मग क्लबात दहा खेळाडू असोत की शंभर. नाहीतर निवडणुकीच्या आदल्या महिन्यात एखादा उत्साही माणूस दोनशे सभासदांची वर्गणी भरतो.

‘चालू क्लब’ची व्याख्या आकड्यात. मागच्या बारा महिन्यांत जिल्ह्याच्या दोन तरी स्पर्धांत संघ उतरवलेला आणि सरावाचे निदान दहा दिवस हजेरीपटात दाखवलेले. त्याशिवाय मत नाही. कागदी क्लब इथेच गळतात.

पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षं, एका पदावर सलग दोनच वेळा.

अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष एका घरातले नसावेत. हे वाचून हसू नका.

क्लब बंद पडला तर दगड संघटनेकडे परत. या कलमाबद्दल पुढे अजून लिहिते.

नोंदणी झाल्यावर दोन तारखा भिंतीवर चिकटवा. ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि तिथून सहा महिन्यांत लेखापरीक्षण होऊन हिशेबपत्रकं धर्मादाय कार्यालयात जायला हवीत. आणि कार्यकारी मंडळात कुठलाही बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट.

पायरी चौथी: दगडांची बँक

संघटनेने क्लबला सगळ्यांत उपयोगी काय द्यावं? पैसे नव्हे. पैसे दिले की टी-शर्ट शिवले जातात. दगड द्या.

आमच्याकडे सहा संच आहेत, संचात आठ दगड, दोन रंगांत चार-चार. एकूण अठ्ठेचाळीस. क्लबने पहिल्या वर्षी स्वतःचे दगड विकत घेऊ नयेत असं मी ठामपणे सांगते. विकत घेतले की ते ‘शाळेची मालमत्ता’ होतात, डेडस्टॉक रजिस्टरला चढतात आणि फुटू नयेत म्हणून कुलपात जातात. उसने आणलेले दगड परत द्यायचे असतात, म्हणून वापरले जातात. ही माणसाच्या स्वभावाची गोष्ट आहे, बँकेत मी ती रोज पाहिली.

रीत अशी. प्रत्येक दगडाच्या तळाला ऑइल पेंटने क्रमांक. प्रत्येक संचाला एक पासबुक, साधी शंभर पानी वही. दगड बाहेर गेले की डाव्या बाजूला नोंद, परत आले की उजव्या बाजूला. सोबत किती दगड, कुठला खडखडतो, कुठल्याचा दांडा सैल. मुदत तीन महिने. मुदत संपली की क्लबने दगड घेऊन यायचे, तपासायचे आणि हवे तर लगेच परत न्यायचे. ही तीन महिन्यांची फेरी फुकटची कटकट वाटते, पण क्लब जिवंत आहे की नाही हे कळण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. पत्राला उत्तर न देणारा क्लबही दगडांसाठी येतो. आला नाही, तर समजायचं की तिथे काहीतरी बिनसलं, आणि त्या आठवड्यात कुणीतरी जाऊन यायचं.

सह्या दोघांच्या. एक शिक्षक किंवा पदाधिकारी आणि एक खेळाडू किंवा पालक. एकट्या माणसाच्या सहीवर दगड देऊ नका, तो माणूस कितीही भला असो. आमचा पहिला शाळेतला क्लब बंद पडला तो असाच. सर उत्साही होते, त्यांच्या एकट्याच्या नावावर संच होता, त्यांची बदली झाली. नवीन सरांना वाटलं वजनं आहेत. वर्षाखेरीस मोजणीला गेले तर आठातले सात सापडले. आठवा मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला होता. तो मागायला मलाच संकोच वाटला.

देखभाल थोडक्यात: बेअरिंगमध्ये केस आणि धूळ अडकते, ती कोरड्या ब्रशने काढायची. तेल घालायचं नाही, फरशीवर डाग पडतात आणि हॉलवाला पुढच्या वेळी हॉल देत नाही.

पायरी पाचवी: वर्षाचं वेळापत्रक नागपूरच्या हिशेबाने

बाहेरचं वेळापत्रक इथे चालत नाही. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा ऊन. पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढाच सराव, स्पर्धा नाहीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, त्या दिवशी महाल-इतवारीकडे काही ठेवू नका. गणपतीत सोसायट्यांची सभागृहं अडकलेली. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, शहरातली वाहतूक, लॉज, एसटी सगळं भरलेलं असतं. तालुक्याच्या संघांना त्या आठवड्यात बोलावणं म्हणजे त्यांचे हाल. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. ते असेपर्यंत मोठे हॉल आणि मंगल कार्यालयं मिळतील या भरवशावर राहू नका.

उरतं काय? जुलै-ऑगस्ट आणि दिवाळीनंतरचे तीन आठवडे, मग जानेवारी. म्हणून आम्ही जुलैत नवशिक्यांचं शिबिर, ऑगस्टमध्ये क्लब-क्लबांत मैत्रीचे सामने, दिवाळीनंतर साखळी आणि जानेवारीत जिल्हा स्पर्धा ठेवतो. तारखा जूनमध्येच जाहीर. शाळांना क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या, सांभाळायच्या असतात. आपली तारीख त्यांच्यावर आदळली तर मुलं तिकडेच जाणार, आणि जायलाच हवीत.

पायरी सहावी: स्पर्धा एका दिवसात बसवणं

सहा संघ घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर पंधरा सामने होतात. तीन पट्ट्या असतील तर तीन-तीन सामन्यांच्या पाच फेऱ्या. आमचा सामना सहा एंडांचा असतो आणि पाऊण तासात संपतो; मध्ये दहा मिनिटं. सकाळी आठला सुरू केलं तर साडेबारा-पाऊणपर्यंत साखळी पूर्ण, जेवण, दुपारी उपांत्य आणि अंतिम. काटोलच्या संघाला दिवेलागणीपूर्वीची एसटी मिळते. ही एसटी मिळणं मी स्पर्धेच्या यशाचं मोजमाप धरते.

बाद पद्धत नवीन खेळाला मारक आहे. दोन तासांचा प्रवास करून आलेला संघ पाऊण तासात हरून घरी गेला, तर पुढच्या वर्षी येत नाही. प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळालेच पाहिजेत.

गुण समान झाले तर? आपसातला सामना कोणी जिंकला ते पाहा. तीन संघांत अडकलं तर सामन्याआधी घेतलेल्या ‘शेवटच्या दगडाच्या’ अंतरावर निर्णय: प्रत्येक संघ सामन्यापूर्वी एक दगड घरात टाकतो, मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवतात. त्यावरून पहिल्या एंडचा हॅमरही ठरतो. बर्फावरही साधारण अशीच पद्धत आहे. हे आकडे सकाळपासून नीट लिहिले नाहीत तर संध्याकाळी साडेचारला रडारड होते.

पंच किती लागतात? कमी. कर्लिंगमध्ये आपला पाय दगडाला लागला तर खेळाडूने स्वतः सांगायचं असतं, आणि सामना हातातून गेला असं वाटलं तर हात मिळवून मोकळं व्हायचं, त्यात कमीपणा नाही. पंच येतो तो बोलावल्यावर, मोजपट्टी घेऊन. कबड्डी-क्रिकेटमधून आलेल्या मुलांना हे पचायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, पोराने स्वतःहून कबूल केलं तर काहून हरवता त्याला?” त्यांना समजावण्यापेक्षा मुलाला सगळ्यांसमोर टाळ्या दिल्या, ते जास्त उपयोगी पडलं.

तक्रार आलीच तर लेखी, सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, तिघांच्या समितीकडे. त्या तिघांत भांडणाऱ्या दोन क्लबांपैकी कुणी नको. निर्णय त्याच दिवशी. ‘कार्यकारिणीत ठेवू’ म्हटलं की वर्षभर पुरतं.

भाषेबद्दल एक. नियमपत्रिका मराठीत छापा, पण शब्द बळजबरीने बनवू नका. आम्ही ‘हॅमर’ला ‘हातोडा’ म्हणून पाहिलं, मुलं इतकी हसली की तो नाद सोडला. ‘हाउस’चं ‘घर’ मात्र कुणी न सांगता झालं, कारण “घरात घाल बे, घरात!” हे ओरडायला सोपं आहे.

पायरी सातवी: प्रमाणपत्र देताना हात आखडता ठेवा

इथे थांबून वाचा, कारण छोट्या खेळांच्या संघटना बुडतात त्या इथे.

राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. म्हणून प्रमाणपत्राला किंमत आली, आणि किंमत आली की बाजार आला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्याकडे गाजली आहेत, गुन्हे दाखल झाले आहेत. या सवलती कुठल्याही खेळाच्या कुठल्याही स्पर्धेला मिळत नाहीत. शासनाने ठरवलेले खेळ आणि स्पर्धांचे स्तर लागतात, आणि नोकरीसाठीच्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. पालक पहिल्या भेटीत विचारतात, “याचे मार्क मिळतात का?” आमचं उत्तर ठरलेलं आहे: नाही. आमचं प्रमाणपत्र मुलगा खेळला एवढंच सांगतं. हे ऐकून काही जण उठून जातात. जाऊ द्या.

प्रत्येक प्रमाणपत्राला क्रमांक, त्या क्रमांकाची नोंद रजिस्टरात, रजिस्टरात सामन्याच्या गुणपत्रिकेचा क्रमांक आणि गुणपत्रिकेवर दोन्ही स्किपच्या, म्हणजे कर्णधारांच्या, सह्या. साखळी तुटता कामा नये. कोरी सही केलेली प्रमाणपत्रं कधीही ठेवू नका, क्लबच्या सोयीसाठीही नाही. आणि ‘राज्यस्तरीय’ हा शब्द जिल्ह्याबाहेरचे दोन संघ आले म्हणून लिहायचा नसतो.

वरच्या संघटनेशी संलग्न होतानाही हीच नजर ठेवा. कुठल्याही छोट्या खेळात देशात दोन-दोन संघटना आपणच खऱ्या असं सांगताना दिसतात. संलग्नता शुल्क मागणाऱ्याकडे आधी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का आणि जागतिक संघटनेच्या सभासद यादीत नाव आहे का, हे स्वतः पाहा. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि न्यायाधिकरण आणलं आहे, त्यामुळे यापुढे मान्यतेचा प्रश्न अधिक काटेकोर होईल. खात्री होईपर्यंत स्वतंत्र जिल्हा संस्था म्हणून खेळत राहायला काही हरकत नाही. विदर्भाच्या कबड्डी आणि खो-खोच्या संघटना उर्वरित महाराष्ट्रापासून वेगळ्या आहेत, म्हणून इथे ‘आपण विदर्भात की महाराष्ट्रात’ हाही प्रश्न निघतोच. त्याचं उत्तर वरच्या संघटनेच्या घटनेत शोधायचं, चहाच्या टपरीवर नाही.

पायरी आठवी: पैसा

फार बोलण्यासारखं नाही. क्लबकडून वार्षिक संलग्नता ५०० रुपये, स्पर्धेला संघामागे ३०० रुपये. यातून हॉलचं भाडं आणि पंचांचा चहा-पोहे-प्रवास निघतो. दगड देणगीतून घेतले. देणगी मागताना रक्कम मागू नका, ‘एक संच’ मागा; देणाऱ्याचं नाव पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहा. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या, निधीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, त्याला १२ए, ८०जी, सीएसआर-१ अर्ज आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो.

रोख घेऊ नका. दहा रुपयेसुद्धा क्यूआर कोडवर. आणि दर सर्वसाधारण सभेत बँकेचं विवरणपत्र छापून भिंतीला लावा. मी अहवाल वाचून दाखवते तेव्हा लोक डुलक्या घेतात, पण भिंतीवरचा कागद सगळे वाचतात.

पायरी नववी: कोण खेळत नाही ते बघा

व्हीलचेअर कर्लिंग २००६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. त्यात घासणं नसतंच, दगड थांबलेल्या खुर्चीतून काठीने सोडतात आणि संघात पुरुष आणि महिला दोन्ही लागतात. म्हणजे फरशीवरचा आपला खेळ आणि तो खेळ यांत अंतर फार थोडं आहे. असं असून आमच्या पहिल्या दोन स्पर्धांत एकही खुर्ची नव्हती. कारण शोधलं तर खेळ नव्हता, दोन पायऱ्या होत्या. आता हॉल ठरवताना आधी उतार आणि स्वच्छतागृहाचं दार बघतो. दाराची रुंदी टेपने मोजा, हॉलवाल्याच्या “येते ना मॅडम आरामात” वर जाऊ नका.

मुलींसाठी मिश्र दुहेरी ठेवा, एक मुलगा आणि एक मुलगी. ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार २०१८ पासून आहे. यात मुलीशिवाय संघच होत नाही, त्यामुळे क्लब स्वतःहून मुली शोधतात; “मुली येतच नाहीत” हे वाक्य त्या वर्षीपासून बंद झालं. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाचं पालकांचं लेखी संमतीपत्र, प्रवासात मुलींबरोबर एक महिला, आणि प्रशिक्षक व मूल एकटे असा प्रसंग नको. हे नियम छापील हवेत आणि क्लबच्या सहीनिशी घेतलेले हवेत.

पायरी दहावी: सोडून जाणं

सचिव बदलतो तेव्हा क्लबांना धक्का बसू नये. नव्या माणसाला एका बैठकीत द्यायच्या गोष्टी: इतिवृत्ताची वही, सहा पासबुकं, प्रमाणपत्र रजिस्टर, ईमेलचा पासवर्ड, हॉलवाल्यांची नावं (कोण दिवाळीला मिठाई नेली की भाडं कमी करतो त्यासकट), आणि कपाटाच्या दोन्ही किल्ल्या. दगड त्याच्यासमोर मोजा, अठ्ठेचाळीस, आणि वहीत दोघांनी सह्या करा. बँकेतल्या सह्या बदलायला ठरावाची प्रत लागते, ती सभा संपण्यापूर्वीच टाइप करून घ्या, नंतर अध्यक्ष गावाला जातात. आणि निवड झाली त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर नव्वदाव्या दिवसाला लाल गोल करा. आमचा पहिला चेंज रिपोर्ट अकरा दिवस उशिरा गेला होता, आणि विलंबमाफीच्या अर्जासाठी केलेल्या वकिलाच्या फीमध्ये दगडांचा अर्धा संच आला असता.